काहीच चालू नसताना लॅपटॉपचा पंखा फिरतोय, ब्राउझरमधलं कोण जागं आहे ते कसं शोधायचं?

तळ्याकाठी

गेले पंधरा दिवस एका गोष्टीने जीव खाल्लाय म्हणून शेवटी धागा काढतोय. लॅपटॉप उघडा ठेवून मी उठून जातो, ब्राउझरमध्ये पाचसहा टॅब नुसते उघडे असतात, एकही व्हिडिओ चालू नाही, डाउनलोड नाही, आणि परत येऊन बघतो तर पंखा जोरात फिरतोय आणि कीबोर्डच्या वरची पट्टी चांगलीच तापलेली. टास्क मॅनेजर उघडला की ब्राउझर १२ ते १३ टक्के दाखवतो, बाकी सगळं शून्याच्या आसपास. ब्राउझर बंद केला की दोन मिनिटांत पंखा गप्प. परत उघडला की साधारण दहा मिनिटं सगळं शांत आणि मग पुन्हा तेच सुरू.

आत्तापर्यंत कॅशे साफ करून झालं, ब्राउझर अपडेट केला, व्हायरस स्कॅन पूर्ण केला (काही सापडलं नाही), टॅब एकेक बंद करत गेलो आणि शेवटी एकच कोरा टॅब उरला तरी आकडा जागचा हलला नाही. म्हणजे कुठलं पान हे करत नाहीये एवढं नक्की. फायरफॉक्स वापरतो, त्यात ११ प्लगइन (ब्राउझरला वरून जोडलेली छोटी एक्स्टेन्शन) आहेत, मशीन चार कोरचं आठ थ्रेडचं, विंडोज. बॅटरी आधी चार तास सहज जायची ती आता अडीच तासांत संपते, आणि हे मला खरंच टोचतंय कारण मशीन अजून चांगलं आहे, नवीन घ्यायची काहीच गरज नाही.

कुणी असं काही शोधून काढलंय का? सुरुवात कुठून करू?

काजवा

१२ टक्के म्हणजे काही फार नाही हो. ब्राउझर म्हटलं की तेवढं चालायचंच, माझ्याकडे पण कायम काहीतरी दाखवत असतो. रॅम किती आहे? रॅम कमी असेल तर डिस्कवर अदलाबदल चालू राहते आणि त्यानेही पंखा फिरतो. आणि आत धूळ बसली असेल तर ती साफ करून घ्या.

ओळंबा

काजवा, रॅम-धूळ राहू दे बाजूला, इथे तो आकडाच सगळं सांगतोय. आठ थ्रेड आहेत, म्हणजे प्रोसेसर एका वेळी आठ कामं चालवू शकतो, आणि १०० भागिले ८ म्हणजे १२.५. विंडोजचा टास्क मॅनेजर अख्ख्या प्रोसेसरचे १०० टक्के धरतो, त्यामुळे एक थ्रेड पूर्ण क्षमतेने, श्वास न घेता पळत असेल तर तो बरोबर साडेबारा दाखवणार. चार थ्रेडच्या मशीनवर हाच प्रकार २५ टक्के दिसला असता आणि सोळा थ्रेडच्या मशीनवर जेमतेम ६, म्हणून नव्या ताकदवान मशीनवाल्यांच्या हे लक्षातही येत नाही. लिनक्सवर टॉप कमांड एका कोरचे १०० धरते, तिथे हेच सरळ १०० टक्के दिसलं असतं आणि कुणीही दचकलं असतं.

म्हणजे तळ्याकाठी, तुमच्याकडे ब्राउझरच्या पोटात कुठेतरी एक न थांबणारी लूप, म्हणजे तेच ते काम परत परत करणारा कोड, फिरतेय. सगळीकडे थोडं थोडं काम चालू असतं तर आकडा वरखाली झाला असता, असा एकाच जागी चिकटून बसला नसता.

आता शिफ्ट आणि एस्केप दाबा किंवा पत्त्याच्या जागी इंग्रजीत अबाउट:प्रोसेसेस टाइप करा. फायरफॉक्स प्रत्येक प्रोसेस, म्हणजे त्याचा स्वतंत्र चालणारा भाग, वेगळी करून दाखवेल. ब्राउझर उघडून दहा मिनिटं होऊन गेल्यावर बघा, आधी बघून उपयोग नाही.

तळ्याकाठी

बघितलं! सगळ्यात वर "एक्स्टेन्शन्स" नावाची ओळ आहे आणि सगळा भार तिथेच, बाकीच्या प्रोसेस अगदी निवांत. पण ११ पैकी कुठलं ते काही लिहिलेलं नाही, सगळी एकाच ओळीत.

ओळंबा

हो, फायरफॉक्स सगळी एक्स्टेन्शन एकाच प्रोसेसमध्ये चालवतो. त्या ओळीवर माउस नेलात की प्रोफाइलरचं छोटं चिन्ह येतं, ते दाबलं की ५ सेकंदांचं रेकॉर्डिंग करून तो वेळ कुठे गेला ते उघडून दाखवतो. ते वाचायची सवय नसेल तर सोपा रस्ता म्हणजे निम्मं निम्मं करत जाणं. ११ पैकी सहा बंद करा, ब्राउझर पुन्हा उघडा, दहा मिनिटं थांबा. आकडा गेला तर दोषी त्या सहात, नाही गेला तर उरलेल्या पाचात. मग त्या गटाचे परत निम्मे. जास्तीत जास्त चार फेऱ्यांत एकच उरतं. एकेक करून बंद करत बसलात तर दहा फेऱ्या होतील आणि प्रत्येकी दहा मिनिटं, म्हणजे शंभर मिनिटं नुसती थांबण्यात गेली.

मात्र फेरीच्या मध्ये दुसरं काही बदलू नका. टॅब तेच ठेवा, अपडेट करू नका, नाहीतर कशामुळे फरक पडला ते कळणार नाही.

जुनीपाटी

हा धागा वाचून जुने दिवस आठवले. ज्यांनी फ्लॅशच्या (पानात हलती चित्रं आणि व्हिडिओ दाखवणारं जुनं प्लगइन) काळात ब्राउझर वापरलाय त्यांना हे दुखणं चांगलंच ओळखीचं आहे. तेव्हा पानाच्या कोपऱ्यात एखादी हलती जाहिरात असायची, तो टॅब मागे गेला, दिसेनासा झाला तरी ती आपली मागे हलतच राहायची, सेकंदाला चोवीस-तीस चौकटी रंगवत, बघणारं कुणी नसताना. असे आठ-दहा टॅब साठले की मशीन रडकुंडीला यायचं आणि आपल्याला वाटायचं की ब्राउझरच वाईट. आधी तर प्लगइन ब्राउझरच्याच प्रोसेसमध्ये चालायचं त्यामुळे कोण खातंय ते वेगळं दिसायची सोयच नव्हती. जून २०१० मध्ये फायरफॉक्स ३.६.४ आला आणि त्याने प्लगइन वेगळ्या प्रोसेसमध्ये काढलं, तेव्हा पहिल्यांदा टास्क मॅनेजरमध्ये प्लगइन-कंटेनर नावाची ओळ दिसली आणि तिच्यासमोरचा आकडा बघून कोण दोषी ते डोळ्यांनी कळलं. ती ओळ दिसणं ही फार मोठी गोष्ट होती हो, त्याआधी नुसते अंदाज बांधायचो आणि सगळं सॉफ्टवेअर उडवून परत टाकायचो.

मग २०१३ मध्ये सफारीने बॅटरी वाचवण्यासाठी कडेचे फ्लॅशचे तुकडे आपणहून थांबवायला सुरुवात केली, २०१५ च्या सप्टेंबरमध्ये क्रोमनेही तेच केलं, आणि शेवटी ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशच संपलं. तेव्हा मला मनापासून वाटलं होतं की चला, हा त्रास सुटला. पण दिसतंय की नाव बदललं आणि जागा बदलली, दुखणं तेच आहे.

ओळंबा

जुनीपाटी, अगदी खरं. नावावरून एक सांगतो, नवीन वाचणाऱ्यांसाठी. आपण सगळे बोलताना प्लगइन म्हणतो पण फ्लॅश, जावा, सिल्व्हरलाइट ही खरी प्लगइन होती, म्हणजे ब्राउझरच्या बाहेरचं, मशीनच्या भाषेत तयार केलेलं सॉफ्टवेअर जे ब्राउझरला जोडलं जायचं. एनपीएपीआय नावाच्या ज्या जोडणीवर ती चालायची ती क्रोमने २०१५ मध्ये ४५ व्या आवृत्तीत काढून टाकली आणि फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये ५२ व्या आवृत्तीत फ्लॅश सोडून बाकी सगळी बंद केली. आज आपण जी टाकतो ती एक्स्टेन्शन, ती जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेली असतात आणि ब्राउझरच्या आतच चालतात. हा फरक इथे कामाचा आहे कारण एक्स्टेन्शन ब्राउझरच्या नजरेखाली असतं, त्यामुळे शोधायची साधनं ब्राउझरमध्येच मिळतात. त्या काळी प्लगइनच्या आत काय चाललंय ते ब्राउझरला स्वतःलाच दिसत नव्हतं.

काजवा

तुम्ही सगळे इतकं बोलताय म्हणून मीही बघितलं. मी क्रोम वापरतो. शिफ्ट एस्केपने क्रोमचा टास्क मॅनेजर उघडला, त्यात प्रत्येक एक्स्टेन्शनचं नाव वेगळं येतं. एक जण कायम ३ ते ४ दाखवतोय, काही न करता. पण मला खरंच विचारायचंय, ३ टक्क्यांनी काय बिघडतं? ९७ टक्के प्रोसेसर मोकळाच आहे ना? पंखाही फिरत नाही माझा. तळ्याकाठींचा प्रकार वेगळा आहे, तिथे लूप फिरतेय हे पटलं.

ओळंबा

प्रश्न रास्त आहे आणि बहुतेक लोक इथेच सोडून देतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे क्रोमचा टास्क मॅनेजर एका कोरचे १०० धरतो, विंडोजचा अख्ख्या प्रोसेसरचे. त्यामुळे तुझे ३ हे एका कोरचे ३ आहेत. आकडा छोटा आहे, मान्य. पण बॅटरीच्या दृष्टीने किती काम झालं यापेक्षा किती वेळा उठवलं याला जास्त महत्त्व आहे. प्रोसेसर रिकामा असला की नुसता थांबत नाही, तो झोपतो, आणि झोपेच्या पायऱ्या असतात. वरच्या पायरीवर फक्त घड्याळ थांबतं, खालच्या पायरीवर कॅशे रिकामी करून वीजच तोडली जाते. सगळ्यात खालच्या पायरीवर जायला आणि तिथून परत यायला शेकडो मायक्रोसेकंद लागतात आणि त्या जाण्यायेण्यालाही वीज लागते. म्हणून ऑपरेटिंग सिस्टिम आधी अंदाज घेते की पुढचं काम किती वेळाने येणार आहे, आणि लवकरच येणार असं दिसलं तर प्रोसेसरला खोल झोपूच देत नाही.

आता कुणी दर १० मिलिसेकंदांनी उठून "काही नवीन आलं का? नाही? बरं" एवढंच विचारून परत झोपत असेल तर त्याचं काम टक्क्यांत मोजलं तर नगण्य भरतं. पण सेकंदाला १०० वेळा उठवल्यामुळे प्रोसेसर खालच्या पायरीवर पोचतच नाही. रात्रभर कुणी दर पाच मिनिटांनी दार वाजवून "झोपलात का" असं विचारलं तर प्रत्येक वेळी बोलणं दोनच सेकंदांचं झालं तरी झोप झाली असं म्हणता येईल का?

हे लोकांच्या लक्षात यायलाही काळ लागला. इंटेलने २००७ मध्ये लिनक्ससाठी पॉवरटॉप नावाचं साधन काढलं, ते टक्क्यांबरोबर कोण सेकंदाला किती वेळा प्रोसेसरला उठवतंय ते दाखवतं. लिनक्सवाल्यांनी जरूर चालवून बघा, पाच मिनिटांत डोळे उघडतात. विंडोजवर तर अजून एक भानगड होती. तिथलं घड्याळ मुळात दर १५.६ मिलिसेकंदांनी टिकटिक करतं, म्हणजे सेकंदाला ६४ वेळा. एखाद्या प्रोग्रामला बारीक वेळ हवी असेल तर तो १ मिलिसेकंदाची मागणी करू शकतो, आणि अशी मागणी एकानेही केली की अख्ख्या मशीनचं घड्याळ सेकंदाला १००० वेळा टिकटिकायचं. मागणी करणारा एक आणि भुर्दंड सगळ्यांना. विंडोज १० च्या २००४ क्रमांकाच्या आवृत्तीपासून हे बरंचसं त्या त्या प्रोग्रामपुरतं राहिलं.

तर काजवा, तुझ्या त्या ३ टक्क्यांत नक्की काय चाललंय ते आधी बघ, मग ठरव.

तळ्याकाठी

सापडलं!! तिसऱ्याच फेरीत सापडलं. नाव लिहीत नाही कारण बनवणारा माणूस एकटा आहे, फुकट देतो, आणि त्याच्याशी आधी बोलायचंय. पानांवर टिपणं लिहून ठेवायचं एक्स्टेन्शन आहे, तीन वर्षं वापरतोय, खूप उपयोगी.

मग तिथेच थांबवलं नाही, खरं कारण बघायचं होतं. अबाउट:डीबगिंग उघडलं, त्या एक्स्टेन्शनसमोर इन्स्पेक्ट दाबलं आणि नेटवर्कचा भाग उघडून बसलो. पहिली दहा मिनिटं एकही ओळ नाही. दहाव्या मिनिटाला एक विनंती गेली, लाल झाली, लगेच दुसरी, लाल, तिसरी, आणि मग धबधबा सुरू झाला, यादी इतक्या जोरात सरकायला लागली की वाचताच येईना, काही मिनिटांत आकडा पंचवीस हजारांच्या पुढे गेला आणि तेव्हा मी खिडकी बंद केली. सगळ्या विनंत्या एकाच पत्त्यावर. तो पत्ता म्हणजे टिपणं दुसऱ्या मशीनशी जुळवून घ्यायची सोय होती तिचा सर्व्हर, आणि तो आता अस्तित्वातच नाही, नावच सापडत नाही. मी ती सोय कधी वापरलीच नव्हती, पण सेटिंगमध्ये ती मुळातच चालू होती.

सध्या सेटिंगमधून जुळवणी बंद केली. आकडा शून्य. गेला अर्धा तास पंखा बंद आहे आणि मी हे लिहितोय, खरंच हलकं वाटतंय.

सुतारपक्षी

अभिनंदन, फार व्यवस्थित शोधलंत. मी एक्स्टेन्शन लिहितो (छोटीच, हौस म्हणून) त्यामुळे काय झालं असेल ते कोड न बघताही सांगू शकतो. "विनंती पाठव, अपयश आलं तर परत पाठव" असं लिहिलेलं असणार आणि मध्ये थांबायची ओळ राहून गेलेली. सर्व्हर जिवंत पण हळू असता तर प्रत्येक अपयशाला काही सेकंद गेले असते आणि चूक कधी दिसलीच नसती, वर्षानुवर्षं. इथे नावच सापडत नाही म्हणून "नाही" हे उत्तर क्षणात येतं आणि लूप पूर्ण वेगाने पळते. म्हणूनच तुम्हाला तीन वर्षं त्रास झाला नाही आणि सर्व्हर गेल्याबरोबर सुरू झाला.

यावरचा उपाय सगळ्यांना माहीत असायला हवा असा आहे. पहिल्या अपयशानंतर १ सेकंद थांबायचं, मग २, मग ४, ८, असं दुप्पट करत एका मर्यादेपर्यंत न्यायचं, आणि त्यात थोडा यादृच्छिक वेळ मिसळायचा म्हणजे सर्व्हर परत उभा राहिला की हजारो लोकांचे ब्राउझर एकाच क्षणी त्याच्यावर तुटून पडत नाहीत. दहा ओळींचं काम आहे. हे न लिहिण्याने वापरणाऱ्याची बॅटरी जाते आणि सर्व्हरवरही हल्ला झाल्यासारखं होतं, दोन्हीकडे नुकसान.

माझ्याकडूनही अशीच एक मोठी चूक झाली होती, ती लिहितो म्हणजे कुणाला उपयोग होईल. माझं एक्स्टेन्शन पानातले काही शब्द शोधून त्यांना रंग द्यायचं. पानात बदल झाला की परत शोधायला हवं म्हणून मी म्युटेशन ऑब्झर्व्हर लावला, अख्ख्या पानावर, सगळ्या फांद्यांसकट. हे मुळात बरोबर साधन आहे, आधी लोक दर अर्ध्या सेकंदाला पूर्ण पान चाळायचे, त्यापेक्षा "बदल झाला की मला सांग" हे कितीतरी चांगलं. पण शब्दाला रंग देणं हाही पानातला बदलच की! मी रंग दिला की ऑब्झर्व्हर मला उठवायचा, मी परत शोधायचो, परत रंग द्यायचो, परत उठवायचा. माझ्या चाचणीच्या पानावर शब्द एकदाच यायचा आणि दुसऱ्यांदा द्यायला रंग उरायचा नाही, त्यामुळे लूप थांबायची आणि मला काही कळलंच नाही. लोकांनी वापरायला सुरुवात केली आणि तक्रारी आल्या की तुमचं एक्स्टेन्शन टाकल्यापासून मशीन तापतंय. मला फार वाईट वाटलं होतं, कारण मी ते लोकांना उपयोग व्हावा म्हणून दिलं होतं. मग आपला बदल करण्याआधी ऑब्झर्व्हर सोडायचा आणि झाल्यावर परत लावायचा असं केलं, आणि शोधायचं काम ब्राउझर रिकामा असेल तेव्हाच होईल अशी सोय केली. आता कुठलीही नवी आवृत्ती देण्याआधी ती एक रात्र रिकाम्या ब्राउझरमध्ये ठेवतो आणि सकाळी प्रोसेसरचा एकूण किती वेळ खर्च झाला तो बघतो.

मनमोकळी

मी तांत्रिक नाही पण सगळं वाचलं आणि बरंचसं समजलं, सगळ्यांना धन्यवाद. एक भीती वाटते ती विचारते. असं गुपचूप प्रोसेसर वापरून कुणी आपल्या मशीनवर ते नाणी काढायचं काम करून घेत असेल तर? आणि चांगलं चाललेलं एक्स्टेन्शन मध्येच वाईट होऊ शकतं का?

जुनीपाटी

दोन्ही गोष्टी घडून गेल्यात त्यामुळे भीती अनाठायी नाही. कॉइनहाइव्ह नावाची सेवा सप्टेंबर २०१७ मध्ये आली, तिचा छोटा कोड पानात किंवा एक्स्टेन्शनमध्ये टाकला की बघणाऱ्याच्या प्रोसेसरवर मोनेरो हे चलन काढायचं काम चालायचं. हौशी लोकांपासून चोरांपर्यंत सगळ्यांनी ते वापरलं. क्रोमच्या दुकानाने एप्रिल २०१८ पासून अशी एक्स्टेन्शन घेणं बंद केलं आणि कॉइनहाइव्ह स्वतः मार्च २०१९ मध्ये बंद पडलं.

दुसऱ्या प्रश्नाचं उदाहरण तर मनाला फार लागणारं आहे. द ग्रेट सस्पेन्डर नावाचं एक्स्टेन्शन होतं, न वापरलेले टॅब झोपवून मशीनचा भार कमी करायचं, म्हणजे आपण ज्या त्रासाबद्दल बोलतोय त्यावरचाच उपाय. मूळ माणसाने २०२० मध्ये ते दुसऱ्या कुणाला विकलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने त्यात घातक कोड आहे म्हणून ते काढून टाकलं, वापरणाऱ्यांच्या ब्राउझरमध्येही बंद केलं. लोकांनी वर्षानुवर्षं विश्वासाने ठेवलेलं होतं. म्हणून मी वर्षातून दोनदा यादी उघडून बसते आणि जे तीन महिने वापरलेलं नाही ते काढून टाकते, लागलं तर परत घेता येतंच.

सुतारपक्षी

जुनीपाटींना +१. मनमोकळी, एक फरक लक्षात ठेवा. नाणी काढणारा कोड मिळेल तेवढा प्रोसेसर घेतो, बऱ्याचदा अनेक थ्रेडवर, त्यामुळे आकडा मोठा दिसतो (मुद्दाम कमी ठेवणारेही असतात). एका थ्रेडला चिकटलेला आकडा असेल तर बहुतेक वेळा चूकच असते, हेतू वाईट नसतो. तरी खात्री करून घ्यायची.

काजवा

मी परत आलो. ओळंबांनी सांगितलं तसं बघितलं आणि कारण इतकं क्षुल्लक निघालं की मला राग आला. टूलबारवरचं त्या एक्स्टेन्शनचं चिन्ह! काम चालू असलं की ते गोल फिरतं, आणि ते फिरवायला सेकंदाला वीस वेळा नवं चित्र लावलं जातं. काम संपायच्या आत टॅब बंद केला तर "संपलं" हा निरोपच पोचत नाही आणि चिन्ह फिरतच राहतं. माझं तर टूलबारवर पिनही केलेलं नाही, मेनूच्या आत लपलेलं आहे, म्हणजे दिसतही नाही! न दिसणारं चित्र सेकंदाला वीस वेळा बदलतंय, तेही किती दिवसांपासून देव जाणे. आधी मी ३ टक्के म्हणून सोडून देत होतो ते माझं चुकलंच, ओळंबा, तुमचं पूर्ण पटलं.

ओळंबा

छान शोधलंस. आणि यात तू एकटा नाहीस, मोठमोठ्या लोकांचं असं होतं. मार्च २०१७ मध्ये व्हीएस कोड या एडिटरबद्दल हेच गाजलं होतं. एडिटर उघडा आहे, कुणी काही लिहीत नाहीये, आणि प्रोसेसर सुमारे १३ टक्के. कारण काय तर लुकलुकणारा कर्सर. तो सीएसएस अ‍ॅनिमेशनने केलेला होता आणि खालचं क्रोमियमचं इंजिन त्यासाठी सेकंदाला ६० वेळा चित्र रंगवत होतं, खरं तर कर्सर सेकंदाला एकदोनदाच बदलतो. सेटिंगमधून लुकलुकणं बंद केलं की भार गायब. हे सगळं उघडपणे लिहिलं गेलं म्हणून आज आपल्याला माहीत आहे, आणि म्हणूनच मी म्हणतो की सापडलेलं कारण बनवणाऱ्याला कळवा, आकड्यांसकट. नुसतं "तुमचं सॉफ्टवेअर जड आहे" असं लिहून त्याला काही करता येत नाही.

एक भर घालतो, पानांच्या बाबतीत ब्राउझरनी हल्ली बराच लगाम घातलाय. मागच्या टॅबमधले टायमर सेकंदाला एकदाच चालतात, आणि क्रोम ८८ पासून, म्हणजे जानेवारी २०२१ पासून, टॅब पाच मिनिटं लपलेला असेल तर बऱ्याच टायमरना मिनिटाला एकदाच संधी मिळते. पण एक्स्टेन्शनचा मागे चालणारा भाग हा कुठला टॅब नाही, त्याला हा लगाम लागत नाही, म्हणून तिथली चूक इतकी महागात पडते. क्रोमच्या नव्या रचनेत, मॅनिफेस्ट ३ मध्ये, त्या भागाचा सर्व्हिस वर्कर, म्हणजे कामापुरताच जागा होणारा भाग, केलाय आणि ३० सेकंद काही काम नसलं की ब्राउझर तो बंद करतो. चांगली गोष्ट आहे. पण काही जण त्यावरही पळवाट काढतात, दर वीस-पंचवीस सेकंदांनी स्वतःलाच काहीतरी काम देऊन जागं ठेवतात. मला हे अजिबात पटत नाही. ठरावीक वेळाने काम हवं असेल तर अलार्मची सोय दिलेली आहे, क्रोम १२० पासून ती ३० सेकंदांपर्यंत खाली आणता येते, त्याहून जास्त वेळा खरंच गरज पडेल अशी एक्स्टेन्शन फार थोडी.

तळ्याकाठी

पुढची हकीकत लिहितो. बनवणाऱ्याला पत्र लिहिलं. कधी सुरू होतं (उघडल्यावर दहा मिनिटांनी), किती विनंत्या जातात, कुठल्या पत्त्यावर, प्रोफाइलरचं पाच सेकंदांचं रेकॉर्डिंग, आणि जुळवणी बंद केली की थांबतं, हे सगळं. चार दिवस उत्तर नाही, मला वाटलं राहिलं. मग पाचव्या दिवशी आलं. त्याने सर्व्हर परवडेना म्हणून बंद केला होता आणि त्याला वाटलं होतं की ज्यांनी जुळवणी वापरली नाही त्यांना काही फरक पडणार नाही. ती सोय सगळ्यांना मुळातच चालू आहे हे त्याच्या लक्षात राहिलं नव्हतं. फार मनापासून माफी मागितली त्याने, मलाच संकोच वाटला. काल नवी आवृत्ती आली, जुळवणीचा भाग पूर्ण काढलाय.

आज सकाळपासून तीच आवृत्ती चालू आहे, ११ च्या ११ एक्स्टेन्शन चालू ठेवून. दोन तास ब्राउझर नुसता उघडा ठेवला, एक्स्टेन्शन्सची ओळ आता यादीत खाली गेलीये आणि आकडा बहुतेक वेळ शून्यच. बॅटरी आज पावणेचार तास गेली. ओळंबा, सुतारपक्षी, तुमचे किती आभार मानू.

मनमोकळी

मीही कालपासून मागे लागलेय. १४ होती, त्यातली सहा काढली. उरलेल्यांपैकी तीन अशी होती की ज्यांना सगळ्या पानांवर परवानगी दिलेली होती पण मला ती एखाद्याच ठिकाणी लागतात, त्यांना "क्लिक केल्यावरच" असं करून टाकलं, क्रोममध्ये ती सोय आहे हेच माहीत नव्हतं. पण एकाचा सर्व्हिस वर्कर कधी झोपतच नाही. एक्स्टेन्शनच्या यादीत तिथे "सर्व्हिस वर्कर" लिहिलंय त्यावर क्लिक करून खिडकी उघडली आणि पंधरा मिनिटं बघत बसले, जागाच आहे. हा तुम्ही म्हणता तो पळवाटवाला आहे का? काढून टाकू?

सुतारपक्षी

थांबा, काढू नका! ती तपासणीची खिडकी उघडी असेपर्यंत क्रोम वर्करला झोपवत नाही, नाहीतर तपासता तपासताच तो बंद पडला असता. ती खिडकी बंद करा आणि यादीच्या पानावरून नुसतं बघत राहा, झोपला की नावापुढे निष्क्रिय असं येतं.

मनमोकळी

आलं! अर्ध्या मिनिटाच्या आसपास आलं, निष्क्रिय. बरं झालं विचारलं, ते माझं रोजच्या वापरातलं आहे.